मदत हवी आहे: ट्रेलर मागून डोलतो, कोणता स्वे बार घ्यावा?

डोंगरवेडा

नमस्कार. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. गेल्या महिन्यात एक वापरलेला कॅम्पिंग ट्रेलर विकत घेतला आणि मागच्या शनिवारी तो आमच्या टोयोटा हायलँडर गाडीला जोडून पहिल्यांदाच बाहेर काढला. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या पुढे आय-२५ महामार्गावर एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला, त्यासरशी ट्रेलर डावी-उजवीकडे डोलू लागला, आणि दोन-तीन हेलकाव्यांतच तो आमची गाडी हलवतो आहे असे वाटू लागले. मी ब्रेक दाबला. कसेबसे थांबलो. त्या दिवसापासून पत्नी त्या ट्रेलरचे नाव काढू देत नाही. येत्या शुक्रवारी ग्रेट सँड ड्यून्सला जायचे असून तिथल्या पिन्यॉन फ्लॅट्स तळावरची जागा आधीच राखून ठेवली आहे. दुकानात स्वे बारचे (ट्रेलरचे डोलणे रोखणाऱ्या दांड्याचे) तीन प्रकार दिसले, त्यांपैकी कोणता घ्यावा हे कृपया लवकर सांगावे. 'ट्रेलर विकून टाका' हा सल्ला घरातच मिळाला आहे, तो पुन्हा नको.

मोजून_मापून

स्वे बार राहू द्या, आधी थोडी माहिती द्या. हायलँडर कोणत्या वर्षाची आहे, आणि ती व्ही-६ आहे की हायब्रिड? ट्रेलरचे वजन किती? 'रिकामा' असतानाचे नव्हे, त्या दिवशी भरलेल्या अवस्थेतले. सामान कुठे ठेवले होते? वेग किती होता?

डोंगरवेडा

२०२१ ची, व्ही-६. ५००० पाउंडांची क्षमता आहे. ट्रेलर २९५० पाउंडांचा आहे, त्यामुळे वजनाचा प्रश्नच येत नाही. वेग साधारण ताशी ७२ मैल. बाकी सामान नेहमीचेच होते.

शेकोटी

आम्ही दोन वर्षांपूर्वी सँड ड्यून्सला गेलो होतो. वाळूवरून घसरण्याच्या फळ्या आधीच भाड्याने घ्या आणि दुपारी वाळूत उतरू नका, पाय भाजतात. आम्ही अलामोसाच्या हॉटेलात राहिलो होतो. ओढाओढीचा काही त्रासच नाही.

मोजून_मापून

'नेहमीचे सामान' म्हणजे काय हेच तर मला हवे आहे. २९५० हा आकडा कारखान्यातून बाहेर पडतानाचा असतो. बॅटरी, गॅसचे सिलिंडर, पाणी, भांडी आणि अंथरुणे हे सगळे त्यावर चढते. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पाउंडांचा असतो, म्हणजे ४० गॅलनांची टाकी भरून निघालात तर तीनशेहून अधिक पाउंड तिथेच आले. शिवाय आकड्यांतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा ५००० नाहीच. ड्रायव्हरचे दार उघडल्यावर खांबावर जे पिवळ्या पट्टीचे स्टिकर दिसते, त्यावर माणसे आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल ते लिहिलेले असते. ट्रेलरचा जो भार हिचवर (गाडीच्या मागच्या जोडणीवर) पडतो, तोही त्याच आकड्यातून वजा होतो. ५००० पाउंड ओढता येतात पण आधी पेलोडच (स्टिकरवरची ही मर्यादा) संपतो, असा प्रकार कुटुंबाच्या गाड्यांत नेहमी घडतो.

सातासमुद्रापार

हे हिशेब करत बसण्यापेक्षा पिकअप घ्या. मी आधी मिनीव्हॅनने ओढायचो आणि तीन वर्षे जीव मुठीत धरून काढली. मोठा ट्रक घेतल्यापासून मागे ट्रेलर आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. आणि डोलू लागला तर ब्रेक कधीही दाबू नका, अ‍ॅक्सिलरेटर दाबा. ताण आला की ट्रेलर आपोआप सरळ होतो.

मोजून_मापून

हा सल्ला अनेक जण देतात, पण तो धोकादायक आहे. हेलकावे वेगामुळेच वाढत असतात, त्यांत आणखी वेग घालायचा नसतो. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलायचा, स्टिअरिंग सरळ आणि घट्ट धरायचे, डोलण्याच्या उलट दिशेला वळवण्याचा मोह टाळायचा, आणि ब्रेक कंट्रोलरचा हाताने दाबायचा खटका वापरून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. मागून ट्रेलर धरला गेला की दोन्ही वाहने एका रेषेत ताणली जातात. आपल्या गाडीचा ब्रेक दाबला तर मागचा ट्रेलर पुढच्या गाडीवर ढकलला जातो.

डोंगरवेडा, तुमच्या गाडीत ब्रेक कंट्रोलर आहे ना?

डोंगरवेडा

तो कशासाठी? ट्रेलरचा प्लग गाडीला जोडला की मागचे दिवे, इंडिकेटर, ब्रेकचे दिवे सगळे लागतात. चार पिनांचा प्लग आहे, ट्रेलरच्या वायरीला लावायचा अ‍ॅडॅप्टर विकणाऱ्यानेच दिला. अजूनही स्वे बारबद्दल कोणी काही बोललेले नाही.

मोजून_मापून

साहेब, मग तुमच्या ट्रेलरला त्या दिवशी ब्रेकच नव्हते. चार पिनांतून फक्त दिवे चालतात. इलेक्ट्रिक ब्रेकना वेगळा प्रवाह लागतो, तो सात पिनांच्या प्लगमधून जातो आणि किती जायचा हे गाडीतला कंट्रोलर ठरवतो. तुमच्या त्या अ‍ॅडॅप्टरमध्ये ब्रेकची पिन नुसतीच मोकळी आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत ३००० पाउंडांपुढच्या ट्रेलरला चालू स्थितीतले ब्रेक कायद्यानेच लागतात. कायदा बाजूला ठेवला तरी वाटेतला ला व्हेटा घाट उतरताना हायलँडरच्या ब्रेकवर दोन गाड्यांचा भार येईल. येत्या शुक्रवारचे आरक्षण रद्द करा, हे मी सरळच सांगतो.

इसारकाठ

मी म्युनिकजवळ राहतो आणि सहा वर्षे कॅराव्हॅन ओढतो आहे. आमच्याकडे बहुतेक कॅराव्हॅनच्या ब्रेकना विजेची जोडणी लागत नाही. गाडीचा वेग कमी झाला की ट्रेलरचा दांडा आत दाबला जातो आणि त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात. अमेरिकेतील लोक टंग वेट (दांड्याचा हिचवर पडणारा भार) १० ते १५ टक्के हवे म्हणून मोठमोठ्या गाड्या घेतात. आमच्याकडे बहुतेक गाड्यांच्या हुकावर ७५ ते १०० किलोच चालतात, ट्रेलरच्या वजनाच्या पाच-सात टक्के. तरीही माझा ट्रेलर कधी डोललेला नाही.

मोजून_मापून

तुमच्याकडे ट्रेलरसह ऑटोबानवरही मर्यादा ताशी ८० किलोमीटरच असते, आणि १०० साठी वेगळी परवानगी घेऊन मागे पाटी लावावी लागते. डोंगरवेडा ताशी ७२ मैलांनी, म्हणजे ११५ किलोमीटरच्या पुढे चालले होते. तुमच्या कॅराव्हॅनची बांधणीही निराळी असते, जड वस्तू चाकांच्या वर आणि टोके हलकी. अमेरिकन ट्रेलर लांबच्या टोकांना जड असतो. एका देशाचा आकडा उचलून दुसऱ्या देशाच्या वेगाला लावता येत नाही.

इसारकाठ

मग वेग कमी करा, असे सांगणे सोपे नाही का? ८० ने चाललात तर निम्मे प्रश्न उरणारच नाहीत.

मोजून_मापून

या एका मुद्द्यावर आपले एकमत आहे. 'एसटी' (स्पेशल ट्रेलर) खुणेचे बहुतेक जुने टायर ताशी ६५ मैलांपुरतेच बनवलेले असतात. डोंगरवेडा, टायरच्या कडेवर 'डॉट' (DOT) अक्षरांनंतरचे शेवटचे चार अंक वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

उलटगिअर

मागे घेण्याबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. हात स्टिअरिंगच्या अगदी तळाशी ठेवा. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा असेल, त्या बाजूला हात न्या. वळण थोडे द्यायचे आणि लगेच सोडायचे. घरच्या माणसाला मागे उभे करा, पण ते तुमच्या आरशात दिसले पाहिजेत, नाहीतर ते ओरडतात आणि आपण ट्रेलर झाडात घालतो. मोकळ्या शाळेच्या आवारात रविवारी सकाळी तासभर सराव करा.

डोंगरवेडा

मागे घेण्याचे नंतर पाहू. टायरवर २३१७ लिहिले आहे, म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. विकणाऱ्याने 'टायर नवेच आहेत' असे सांगितले होते.

सामानाचे विचारले होते, तर पाण्याची टाकी भरून घेतली होती, कारण तिथे पाणी मिळेल की नाही याची खात्री नव्हती. चार सायकली ट्रेलरच्या मागच्या बंपरवर रॅक लावून बांधल्या होत्या, त्यांपैकी दोन ई-बाइक आहेत. टाकी ट्रेलरमध्ये मागच्या पलंगाखाली आहे. गाडीत आम्ही चौघे, आणि माझे आई-बाबा, ते सध्या साताऱ्याहून आले आहेत.

काल रात्री हा धागा मी बाबांना वाचून दाखवला. त्यांनी तरुणपणी दहा वर्षे बैलगाडीने ऊस वाहिला आहे. सगळे ऐकून ते एवढेच म्हणाले, "अरे, तुझी गाडी उलार झाली आहे. ऊस भरताना आम्ही गाडी नेहमी जराशी धुरजड ठेवायचो. उलार गाडीचे जू वर उचलते आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो." (उलार म्हणजे मागे जड, धुरजड म्हणजे पुढे जड.)

मोजून_मापून

मी पंधरा ओळींत जे सांगणार होतो, ते तुमच्या वडिलांनी दोन शब्दांत सांगितले. त्यांना माझा नमस्कार सांगा.

चाकांमागे चार सायकली आणि पाणी गेले की पुढचा दांडा हलका होतो, हिचवर भार राहत नाही आणि ट्रकच्या वाऱ्याचा धक्का बसताच शेपूट मोकळे सुटते. अशा ट्रेलरला स्वे बार लावणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांड्यावर आलाच पाहिजे. सायकलींचे रॅक त्या पातळ बंपरवर लावू नका, तो बहुतेक वेळा एवढ्या वजनासाठी बनवलेलाच नसतो.

दांड्यावरचा भार घरातल्या वजनकाट्यावर मोजता येतो. जमीन सपाट हवी आणि चाकांना ठोकळे लावलेले हवेत. एक जाड लाकडी फळी घ्या. तिचे एक टोक विटेवर आणि दुसरे काट्यावर ठेवा, दोन्हींची उंची सारखी हवी आणि आधारांच्या बिंदूंमधले अंतर तीन फूट. विटेकडच्या आधारापासून एक फुटावर ट्रेलरचा जॅक टेकवा. काट्यावर जो आकडा येईल त्याची तिप्पट केली की भार मिळतो. एकूण वजन मात्र ट्रक स्टॉपवरच्या मोठ्या काट्यावरच करून घ्या.

माणदेशी

हा धागा भारतातून वाचतो आहे. आपल्याकडे ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात, रात्री मागे दिवाही नसतो, त्यांना कोणी टंग वेट विचारते का? आणि इनोव्हाला असा ट्रेलर जोडून महाबळेश्वरला नेता येईल का?

शेकोटी

वेगळा धागा काढा, हा सापडायचा नाही.

सातासमुद्रापार

ब्रेक कंट्रोलरसाठी गाडी उघडायची गरज नाही. प्लगच्या मध्ये बसणारे आणि फोनवरून चालणारे कंट्रोलर मिळतात. पाच मिनिटांत काम होते.

मोजून_मापून

त्यासाठीही गाडीकडे सात पिनांची जोडणी लागतेच, आणि तिच्यातली १२ व्होल्टची वायर बॅटरीपर्यंत ओढावी लागते. तुमची पाच मिनिटे त्यानंतर सुरू होतात. शिवाय घाटात वेळ आली तर फोन शोधत बसायचे का, हेही ठरवावे लागेल. मी डॅशबोर्डखाली हाताशी खटका असलेला घेईन.

डोंगरवेडा

सगळ्यांचे आभार. आरक्षण दोन आठवड्यांनी पुढे ढकलले आणि थोडा हिशेब केला, तो इथे लिहितो, म्हणजे चूक असेल तर कळेल.

त्या दिवशीसारखेच सगळे सामान, पाणी आणि सायकली भरून मोठ्या काट्यावर नेले, तेव्हा ट्रेलरचे वजन ३६२० पाउंड भरले. घरी येऊन फळी आणि वीट मांडली. स्नानगृहातला काटा ७० वर थांबला, म्हणजे दांड्यावर २१० पाउंड. सहा टक्केसुद्धा नाहीत. बाबा खुर्ची टाकून बाजूला बसले होते, त्यांनी काट्याकडे पाहिलेही नाही.

नंतर टाकी रिकामी केली आणि सायकली आत चाकांच्या वर जमिनीवर पट्ट्यांनी बांधल्या. दाराच्या स्टिकरवर १३१० पाउंड लिहिले आहेत. आम्ही सहा जण मिळून ७८० होतो, गाडीच्या डिकीतले सामान २००, हिचचा लोखंडी तुकडा ४०, आणि दांड्यावरचे नवे वजन ४२३. बेरीज १४४३ आली, म्हणजे गाडी १३३ पाउंडांनी जास्त भरलेली होती. ५००० च्या भरवशावर मी एवढे दिवस बसलो होतो, त्याचे वाईट वाटले. डिकीतले सामान ट्रेलरमध्ये चाकांच्या वर हलवल्यावर दांड्याचा आकडा जवळजवळ तेवढाच राहिला आणि गाडीत ६७ पाउंड शिल्लक उरले. ट्रेलर आता साधारण ३४९० पाउंडांचा, म्हणजे दांड्यावर बारा टक्के.

टायर बदलले, सात पिनांची जोडणी आणि कंट्रोलर बसवून घेतला.

मोजून_मापून

हिशेब बरोबर आहे. आता तीन गोष्टी. साखळ्या दांड्याखाली एकमेकींवरून आडव्या घ्या, म्हणजे हुक निसटला तर दांडा त्यांच्या झोळीत पडेल. निखळल्यावर आपोआप ब्रेक लावणारी बारीक केबल गाडीलाच अडकवा, साखळीला नव्हे. तिची पिन ओढून ट्रेलर हलत नाही ना हे घरी तपासा. नव्या टायरांचे नट पहिल्या पन्नास मैलांनंतर पुन्हा आवळा. घाटात मात्र खंबाटकीच्या ट्रकवाल्याचाच नियम लागू आहे: ज्या गिअरने चढाल, त्याच गिअरने उतरा. गिअर आपण निवडायचा 'एस' मोड वापरा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, थोडा दाबा आणि सोडा.

डोंगरवेडा

काल रात्री परत आलो. ताशी ६० मैलांच्या वर गेलो नाही, मागून बरेच भोंगे ऐकले. वॉल्सनबर्गच्या पुढे आडवा वारा सुटला होता, एक ट्रक अगदी जवळून गेला, ट्रेलर एकदाच हलला आणि पुन्हा गाडीच्या मागे आला. पत्नीने आरशात पाहिले, आणि मग डोळे मिटून घेतले.

पिन्यॉन फ्लॅट्सच्या जागेत ट्रेलर मागे घालायला मला पाच प्रयत्न लागले. शेजारच्या जागेतील मंडळी खुर्च्या वळवून बसली होती. उलटगिअर यांचा सल्ला मी 'नंतर पाहू' म्हणून बाजूला ठेवला होता, तो पाचव्या वेळी आठवला.