शब्दचर्चा: ‘अपक्ष’ म्हणजे नक्की कोण? (निमित्त ऑर्कनी बेटांचा निकाल)

गवतीचहा

मी स्कॉटलंडमध्ये अबर्डीनला राहते. इथल्या बंदरातून ऑर्कनी आणि शेटलंडच्या बोटी सुटतात. आमच्या मंडळाच्या अंकासाठी या बेटांवरच्या स्थानिक निवडणुकांवर लेख लिहितेय. पुढची निवडणूक मे २०२७ मध्ये आहे, म्हणून मागच्या निकालांची उजळणी.

मे २०२२ चा ऑर्कनीचा निकाल असा: एकूण जागा २१, त्यांपैकी १९ ‘इंडिपेंडंट’, २ ग्रीन पक्षाचे. शेटलंडच्या २३ जागांचंही चित्र तेच, जवळजवळ सगळे इंडिपेंडंट. पश्चिम बेटांवर एसएनपीचे (स्कॉटिश नॅशनल पार्टी) काही निवडून आले, पण बहुमत तिथेही बिनपक्षी मंडळींचंच.

मी मथळा दिला ‘ऑर्कनीत अपक्षांचं वर्चस्व’ आणि कच्चा लेख सांगलीला बाबांना पाठवला. रात्री त्यांचा फोन: “अगं, एवढी बंडखोरी कशामुळं झाली तिकडं?”

बंडखोरी वगैरे काही नाही हो. तिथे पूर्वीपासून असंच आहे. मग शब्द चुकला का माझा? की बाबांचा समज?

जुनापुराणा

शब्दाची फोड आधी करू, कारण इथेच बरेच जण घसरतात. हा ‘अप’ उपसर्ग नव्हे. अपमान, अपयश, अपशकुन यांच्या रांगेत ‘अपक्ष’ला बसवू नका. अ + पक्ष, म्हणजे ज्याला पक्ष नाही तो. कानाला मात्र ‘अप’ ऐकू येतं आणि थोडी अपकीर्ती आपोआप चिकटते.

संस्कृतात पक्ष म्हणजे आधी पंख. त्यावरून बाजू, त्यावरून पंधरवडा, आणि राजकीय पक्ष फार नंतरचा. त्या हिशेबाने अपक्ष म्हणजे पंख नसलेला. पर्वतांना पूर्वी पंख होते आणि इंद्राने ते छाटले, ही कथा ठाऊक असेलच. सगळे पर्वत अपक्ष झाले. एकटा मैनाक समुद्रात दडून बसला म्हणून त्याचे पंख वाचले. तेव्हा ताई, आपल्या पुराणात समुद्रातला तेवढा सपक्ष आणि जमिनीवरचे सगळे अपक्ष. तुमच्या ऑर्कनीत नेमकं उलटं दिसतंय!

सासवडकर

मैनाक राहू द्या बाजूला, बाबांचं बरोबर आहे.

महाराष्ट्रात अपक्ष म्हटलं की डोळ्यांपुढे कोण येतो? तिकीट कापलेला. एबी फॉर्म दुसऱ्याला गेला म्हणून अर्ज भरलेला. नाहीतर निकालाच्या रात्री ज्याला गाडीत घालून हॉटेलात नेतात तो. १९९५ ला विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले होते. शिवसेना-भाजप युतीकडे १३८ जागा, बहुमताला १४५ लागतात. ते सरकार अपक्षांच्या टेकूवर उभं राहिलं. माझ्या पिढीच्या डोक्यात शब्दाचा अर्थ तिथे पक्का झालाय. कोशात काहीही असो.

आणि याहून मोठा पुरावा देतो. आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. कागदोपत्री प्रत्येक सदस्य बिनपक्षाचा. पण ग्रामपंचायत सदस्याला कधी कुणी ‘अपक्ष’ म्हटलेलं ऐकलंय? ‘अमक्याच्या पॅनेलचा’ म्हणतात, ‘तमक्या गटाचा’ म्हणतात. दोन्ही पॅनेलनं घेतलं नाही आणि तरी उभा राहिला, तर मात्र त्याला हमखास अपक्ष म्हणतात. म्हणजे बघा, जिथे पक्ष असतो तिथेच अपक्ष असतो. आधी कुणीतरी बाजू मांडून बसलेलं हवं, मग तिच्या बाहेरचा तो अपक्ष.

ऑर्कनीत बाजूच मांडलेली नसेल तर अपक्ष कशाच्या बाहेरचा?

गवतीचहा

सासवडकर, हे ग्रामपंचायतीचं मला सुचलंच नव्हतं. पटलं. पण दोन अडचणी आहेत.

एक, पक्ष तिथल्या लोकांना अनोळखी नाहीत. ऑर्कनी आणि शेटलंड मिळून ब्रिटिश संसदेत एक खासदार जातो, आणि १९५० मध्ये जो ग्रिमंड निवडून आले तेव्हापासून ती जागा लिबरल आणि पुढे लिबरल डेमोक्रॅट पक्षाकडेच आहे. तोच मतदार संसदेला पक्ष बघून मत देतो आणि बेटाच्या परिषदेला माणूस बघून. ऑर्कनीची लोकसंख्या २२ हजारांच्या आसपास, तीही कितीतरी बेटांवर विखुरलेली. प्रश्न असतात फेरीचं वेळापत्रक, भाडं, धक्का, शाळा. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधलं विमान दोन मिनिटांच्या आत पोचतं, जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण. ते वेळेवर सुटेल का, याला डावं-उजवं धोरण काय कामाचं?

दुसरी अडचण म्हणजे पॅनेलचा प्रकार तिथेही होऊन गेलाय. २०१७ च्या निकालात १८ इंडिपेंडंट, १ ग्रीन आणि ‘ऑर्कनी मॅनिफेस्टो ग्रुप’चे २ असे आकडे आहेत. हा ग्रुप स्थानिकच. त्याला पक्ष म्हणू, गट म्हणू की आपलं पॅनेल?

सासवडकर

पॅनेलच. डोळे मिटून लिहा. नाव ‘ग्रामविकास’ असलं काय आणि ‘मॅनिफेस्टो’ असलं काय.

कुंदा_बेळगावी

आमच्या सीमेवरून एक शब्द घ्या: पक्षेतर. कन्नड पेपर इंडिपेंडंट उमेदवाराला पक्षेतरच म्हणतात. पक्ष + इतर, पक्षांखेरीजचा. हिंदीत निर्दलीय आहे, बंगालीत निर्दल. गुजराती मात्र आपल्यासारखे अपक्ष म्हणतात.

सासवडकरांच्या म्हणण्याला आमचं गावही साक्ष देईल. बेळगाव महापालिकेची निवडणूक कित्येक वर्षं पक्षचिन्हांशिवाय व्हायची. कागदावर सगळे पक्षेतर, पण गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक की कोण मराठी गटाचा आणि कोण कन्नड. निकालही तसाच मोजायचे, मराठी इतके, कन्नड-उर्दू इतके. २०२१ ला पक्ष चिन्हं घेऊन उतरले आणि भाजपने ५८ पैकी ३५ जागा घेतल्या. त्या निकालात पक्षाबाहेर उभे राहिलेल्यांना अचानक ‘अपक्ष’ म्हणायला लागले. माणसं तीच, प्रभाग तेच. आदल्या खेपेला त्यांना तो शब्द कुणी लावत नव्हतं.

जुनापुराणा

पक्षेतर सुबक आहे, पण मराठी वाचक त्याला ‘शिक्षकेतर कर्मचारी’च्या शेजारी बसवेल. म्हणजे मुख्य लोक पक्षाचे आणि हे उरलेले. एकवीसातले एकोणीस ‘इतर’ कसे?

‘निःपक्ष’ नको. तो न्यायाधीशाला शोभतो. कुणाच्या बाजूने झुकत नाही ही स्तुती झाली, आणि निवडून आलेल्या एकोणीस जणांची एकदम स्तुती करायला आपण त्यांच्या पगारावर नाही. ‘पक्षनिरपेक्ष’ मध्ये भूमिका घेतल्याचा आव आहे. ‘स्वतंत्र’ चालला असता, पण ‘ऑर्कनीत स्वतंत्र सदस्यांचा विजय’ असं लिहिलंत तर बेटं स्कॉटलंडपासून फुटून निघाली की काय, असं वाटेल.

आगबोट

हसू नका, तो विषय तिथे निघाला होता! २०२३ च्या जुलैत ऑर्कनी परिषदेच्या नेत्याने ठराव मांडला की कारभाराचे दुसरे पर्याय तपासावेत, त्यात नॉर्डिक देशांशी जुन्या नात्याचाही विचार व्हावा. जुनं नातं म्हणजे काय, तर १४६८ ला डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने लेकीच्या हुंड्याची रक्कम जमली नाही म्हणून ऑर्कनी स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली. पुढच्या वर्षी शेटलंडही. ती आजतागायत सोडवलेली नाहीत. ‘गहाणवट’ हा शब्द एवढ्या मोठ्या मालाला लागलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

जाता जाता, ‘ऑर्कनी बेटं’ म्हणताना आपण बेट दोनदा म्हणतो. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे नॉर्वेकडच्या जुन्या भाषेत, ‘ए’ म्हणजे बेट. वेस्ट्रे, सँडे, रोनल्डसे, सगळ्यांच्या शेपटीला तेच. पण लिहा बिनधास्त ‘सँडे बेट’. आपण नाही का ‘दीव बेट’ म्हणत? दीव म्हणजे द्वीपच. आणि जंजिऱ्याच्या पोटात अरबी जझीरा, तोही बेटच.

गवतीचहा

आगबोट, हुंड्याची चौकट लेखात घालतेच!

अजून एक विचारते. तिथे मतदान पसंतीक्रमाने होतं, एका प्रभागातून तीन-चार जण. ‘पहिल्या पसंतीची मते’, ‘कोटा’ (निवडून यायला लागणारी मतं) हे शब्द वाचकांना कळतील ना? आणि २०२२ ला पश्चिम बेटांवरच्या काही प्रभागांत जागांपेक्षा जास्त उमेदवारच नव्हते, मतदान झालंच नाही. त्याला ‘बिनविरोध’ लिहिलंय.

सासवडकर

पसंतीचं काही समजावत बसू नका. पदवीधर मतदारसंघाच्या निकालाने महाराष्ट्राला ते सगळं पाठ करून दिलंय. समजा तीन जागा, १२०० वैध मतं, तर भागिले चार (जागांपेक्षा एक जास्त), त्यात अधिक एक, कोटा ३०१. पेपरात दर वेळी येतं.

‘बिनविरोध’ मात्र जपून. शब्द बरोबर, चव वेगळी. आपल्याकडे गाव बिनविरोध झालं की गुलाल उधळतात, सत्कार होतात, आमदार निधी जाहीर करतात. आतून काय शिजलेलं असतं ते वेगळं. २०२१ ला उमराणे आणि खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण पदांचा लिलाव झाला होता. तुमच्याकडे बिनविरोध म्हणजे आनंद की काळजी?

गवतीचहा

काळजी. उभं राहायला माणसंच मिळत नाहीत. तरुण मुलं बेट सोडून जातात आणि परिषदेचं काम म्हणजे अर्धं आयुष्य बोटीत.

सासवडकर

मग ‘बिनविरोध निवडून आले’ असं लिहू नका, आपला वाचक टाळ्या वाजवेल. ‘जागांपुरतेच अर्ज आले, त्यामुळे मतदान घ्यावं लागलं नाही’ असं लिहा. लांब आहे, पण खरं आहे.

जुनापुराणा

आणि मूळ प्रश्नालाही हेच औषध. मराठीत नाम सापडत नसेल तर क्रियापदाला कामाला लावावं. एका शब्दाचा हट्ट इंग्रजीचा आहे, आपला कशाला?

कुंदा_बेळगावी

पक्षेतर गेला म्हणायचा. असो.

गवतीचहा

मथळा बदलला: ‘ऑर्कनीत एकवीसांपैकी एकोणीस जण कुठल्याच पक्षाचे नाहीत’. आत एकदाच ‘अपक्ष’ ठेवलाय, मतपत्रिकेवर काय छापतात ते सांगताना. बाकी सगळीकडे नुसतं ‘सदस्य’. बाबांना पुन्हा पाठवला. आत्ताच उत्तर आलं: “आता कळलं. मग सरपंच कोण झाला?”

आता पंचाईत. तिथे सरपंच नाही, महापौर नाही, ‘कन्व्हीनर’ असतो, परिषदेच्या बैठका चालवणारा. पश्चिम बेटांच्या परिषदेचं तर नावच गेलिकमध्ये आहे, आणि त्यातल्या ‘कोअर्ल’चा अर्थ परिषदही होतो आणि सल्लाही. आपल्या मसलतीसारखं. पण कन्व्हीनरला काय म्हणू? कोशात ‘निमंत्रक’ दिलंय.

आगबोट

निमंत्रक नको! खाली ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ छापलंय का, ते लोक शोधतील.

सासवडकर

सभापती. पंचायत समितीला चालतो, ऑर्कनीलाही चालेल. आणि बाबांना सांगा, सरपंचच समजा.