आजी आणि नातू एकत्र बसून पाहतील असे मराठी चित्रपट सुचवावेत

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर)
सप्रेम नमस्कार. आमच्याकडे ७८ वर्षांच्या सासूबाई आणि १० वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी टीव्हीसमोर एकत्र बसतात. मुलाची मराठी घरापुरतीच उरली आहे. ‘आजी, मी आला’ असे तो सहज म्हणून जातो आणि त्या दर वेळी ‘आलो’ म्हणून सुधारतात. त्यांना ऐकू कमी येत असल्यामुळे संवाद ठसठशीत असावेत. दिवाळीच्या सुट्टीत दोघांनाही रमवतील असे चित्रपट कोणते?

उत्तर (माधवगंज, ग्वाल्हेर)
आरंभ ‘श्यामची आई’ने करावा. आचार्य अत्र्यांच्या या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि त्यातील आई म्हणजे आपल्या ग्वाल्हेरच्या वनमालाबाई पवार, हे सासूबाईंना अवश्य सांगावे. त्या काळचे नट शब्द पूर्ण उच्चारत, त्यामुळे आवाज फार वाढवावा लागत नाही. कृष्णधवल चित्रांना मुले कंटाळतील ही भीती मलाही होती, परंतु पोहायला घाबरणारा श्याम पाहताना माझी नात जागची हलली नाही.

उत्तर (वडोदरा)
माझ्या मते मुलासाठी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) अधिक योग्य ठरेल. दादासाहेब फाळके आमच्या वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकले, म्हणून मला त्याचे विशेष अगत्य आहे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये काम करायला स्त्रिया मिळेनात, तेव्हा तारामती पुरुषानेच साकारली, ही खटपट यात हसतखेळत येते. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची चित्रे थोड्या थोड्या अंतराने टिपण्याचा फाळक्यांचा प्रयोग तर मुलांनी पाहावाच.

उत्तर (इंदूर)
‘श्वास’ (२००४) उत्तम आहे आणि त्यात आजोबा-नातवाचेच नाते आहे. मात्र शस्त्रक्रियेनंतर दृष्टी जाणार असलेल्या मुलाला आजोबा जग दाखवतात, अशी ती कथा आहे. त्यामुळे आधी आपण एकट्यांनी पाहून मगच ठरवावे. सणाच्या दिवसांत तो लावू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. शनिवारी ‘श्यामची आई’ पाहिला. सासूबाई मध्येच थांबवायला सांगून कठीण शब्दांचे अर्थ नातवाला समजावत होत्या, त्यामुळे चित्रपट संपायला रात्रीचे अकरा वाजले. रविवारी ‘फॅक्टरी’ झाली आणि आता गच्चीवरच्या कुंडीत वाटाणा पेरला आहे. रोज सकाळी शाळेची रिक्षा येण्यापूर्वी त्याचा फोटो काढला जातो. ‘श्वास’ आम्ही दोघे आधी पाहू.