सोसायटीचं पाण्याचं बिल: हे रेट नक्की ठरवतं कोण?

खजिनदार_बोरिवली
मंडळी, यंदा खजिनदारकी माझ्या गळ्यात पडलीय. पालिकेचं पाण्याचं बिल नीट वाचायला घेतलं तर डोकं गरगरलं. मीटर एक, रीडिंग एक, पण काही पाणी साध्या रेटने आणि उरलेलं डबल रेटने लावलंय, वर मलनिःसारण (सांडपाणी वाहून नेण्याचा) आकार म्हणून पाण्याच्या रकमेच्या ७०%. खाली दोन दुकानं आहेत त्यांचा रेट तर भलताच. पाणी आणायला जेवढा खर्च येतो तेवढा घेतात की मनाला येईल तो? एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, सगळे मलाच धरणार.

पाणीखातं_रिटायर्ड
मनाला येईल तो नाही, पण खर्चाएवढाही नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम १६९ खाली पाण्याच्या आकाराचे नियम बनतात, ते स्थायी समितीचं काम. दर वर्षी वाढ मागताना समितीपुढे भांडण नको म्हणून २०१२ ला ठरलं की खर्च बघून आयुक्तांनी वर्षाला जास्तीत जास्त ८% पर्यंत वाढवावं. खर्च म्हणजे काय, तर भातसाचं पाणी पिसेला पंपाने उचलायचं त्याची वीज, पांजरापूर नि भांडुपला शुद्धीकरण, पगार, आणि भातसा, अप्पर वैतरणा ही धरणं सरकारची म्हणून जलसंपदा खात्याला द्यायचे पैसे. २०२२ ला ७.१२% वाढ झाली ती याच हिशोबाने. पुढच्या वर्षी प्रस्ताव आला तर वरूनच थांबवला, निवडणूक जवळ असली की खर्च वाढला तरी रेट वाढत नाही, हे पण नियमातच धरा 😄

आता तुमचं डबल. माणशी रोज १५० लिटर, घरात ५ माणसं धरून फ्लॅटला ७५० लिटर साध्या रेटने, त्याच्या वर गेलं की दुप्पट, आणखी वर तिप्पट. २०२२ चा बिल्डिंगचा रेट हजार लिटरला ६.३६ रुपये होता. २० फ्लॅट धरा, महिन्याला साडेचार लाख लिटर, म्हणजे २,८६२ रुपये, त्यावर ७०% चे साधारण २,००३, एकूण ४,८६५, फ्लॅटमागे अडीचशे पण नाही, मीटरभाडं वगैरे वेगळं. आता सांगा महाग कुठे आहे? बिल डबलमध्ये गेलंय म्हणजे कुठेतरी पाणी वाहतंय, आधी टाकीचा फ्लोट व्हॉल्व (टाकी भरली की पाणी बंद करतो तो) बघा.

सदाशिवपेठी
तुमच्याकडे निदान मीटर तरी आहे हो. आमच्या पुण्यात पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच येते, घराच्या करपात्र मूल्यावर. म्हणजे मोठ्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या आजी जास्त भरतात आणि वन बीएचकेमधली सहा माणसं कमी, नळ कोण किती सोडतं याचा काहीएक संबंध नाही. आणि करांचे दर १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे २० फेब्रुवारीच्या आत मुख्य सभेने ठरवायचे, पण २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कितीतरी काळ प्रशासकच स्थायी समिती नि प्रशासकच मुख्य सभा, प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस. भांडायचं कुणाशी?

चाळकरी७
@पाणीखातं_रिटायर्ड साहेब, गणित बरोबर पण एक सांगायचं राहिलं. झोपडपट्टीचा रेट त्याच वर्षी ५.२८ होता, दुकानांचा ४७ च्या वर, तारांकित हॉटेलं आणि रेसकोर्सचा ९५ च्या वर. म्हणजे वरच्यांकडून घेऊन खालच्यांना स्वस्त, ठीकच आहे. पण हा ५.२८ कुणाला, तर ज्याच्याकडे अधिकृत जोडणी आहे त्याला. आमच्या मागच्या वस्तीत जोडणीच नाही, ते शेजारच्या गल्लीतून पाइप टाकून महिन्याचे पैसे देतात नाहीतर कॅन घेतात, त्यांना हजार लिटर कितीला पडतं ते त्यांनाच विचारा. रेट कितीही विचार करून ठरवा, नळ कुणाला द्यायचा ते आधी ठरलेलं असतं. तुम्ही अडीचशेवर एजीएम घेताय!

पाणीखातं_रिटायर्ड
हे मान्य. २०१४ च्या हायकोर्टाच्या निकालानंतर सगळ्यांना पाणी द्यायचं धोरण आलं, कागद पुष्कळ झाले, जोडण्या त्या मानाने कमी.

खजिनदार_बोरिवली
धन्यवाद सगळ्यांना. गच्चीवर जाऊन आलो, फ्लोट व्हॉल्व अडकलाय, ओव्हरफ्लोचं पाणी थेट गटारात. म्हणजे गटारात गेलेल्या पाण्यावर पण ७०% मलनिःसारण भरत होतो आम्ही 🤦 @चाळकरी७ बरोबर बोललात, पण एजीएममध्ये हे बोललो तर पुढच्या वर्षी पण खजिनदार मीच. दुकानांचं मीटर वेगळं करून घ्यायचं असेल तर कुठून सुरू करायचं?

पाणीखातं_रिटायर्ड
लायसनवाला प्लंबर गाठा आणि वॉर्ड ऑफिसला जल अभियंता खात्यात अर्ज टाका. जुनं बिल भरलेलं असू द्या, थकबाकी असेल तर फाइल हलत नाही.