स्वस्तातला कोळशाचा स्मोकर: घरी सुधारावा की सरळ दुसरा घ्यावा?

कोळसेवाला, ह्यूस्टन

इथल्या हार्डवेअरच्या दुकानांत उभा, पिंपाच्या आकाराचा स्वस्त स्मोकर मिळतो, म्हणजे मंद आचेवर धुरात मांस शिजवायचं उपकरण. तळाशी कोळशाचं भांडं, मध्ये पाण्याचं, वर जाळ्या आणि घुमटी झाकण. हौसेनं घेतात आणि तापमान हातात राहत नाही म्हणून गॅरेजच्या कोपऱ्यात टाकून देतात. माझं ठाम मत आहे की तो टाकू नये. त्याचा दोष मांडणीत आहे आणि मांडणी घरी बदलता येते.

खरा रोग राखेचा. जुन्या धाटणीच्या मॉडेलांत कोळशाच्या भांड्याला तळाशी हवेची वाटच नसते. सुरुवातीला २५० फॅरनहाइट छान मिळतं, मग निखारे राखेत बुडतात, हवा कोंडते आणि पारा १८० पर्यंत घसरतो. लोक वरून आणखी कोळसा ओततात, म्हणजे आणखी राख! भांड्याच्या तळाला अर्ध्या इंचाची भोकं पाडा आणि आत दोन इंच उंचीवर जाळी बसवा. राख खाली पडते, निखारे मोकळे राहतात. पण एवढ्यावर थांबलात तर आग बेलगाम होईल. म्हणून भोकांवर बोल्टवर फिरणारी पत्र्याची झडप हवीच. झाकणाला वर धूर जायला एक वाट करा आणि ती कायम उघडी ठेवा. आग आवरायची ती खालच्या हवेनं.

झाकणावरच्या डायलवर विसंबू नका. अनेकांवर आकडेसुद्धा नसतात, नुसतं ‘कमी, ठीक, जास्त’. वेगळ्या थर्मामीटरचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी सळई, जाळीच्या पातळीवर, मांसापासून दोनेक इंच दूर लावा.

एडिसनची सुगरण

दादा, राखेचं निदान पटलं, औषध नाही पटलं. भोकं पडतील, झडपा बसतील, पण पत्रा पातळ तो पातळच. आमच्याकडे न्यू जर्सीत ऑक्टोबरनंतर वारा सुटला की एका बाजूनं उष्णता उडून जाते. त्यात ड्रिलचे बिट, बोल्ट, फटी बुजवायचं गॅस्केट, दोन प्रोबचा थर्मामीटर यांचा हिशेब मांडा. जवळपास तेवढ्यात जुनी २२ इंची वेबर केटल, म्हणजे घुमटी झाकणाची गोल कोळशाची शेगडी, मिळते.

केटलमध्ये ब्रिकेट (कोळशाच्या भुकटीचे दाबलेले गोळे) कडेनं दोन-दोनच्या ओळीत, दोन थरांत लावायचे आणि एक टोक पेटवायचं. आग हळूहळू पुढे सरकते. पोर्क शोल्डरला (डुकराच्या खांद्याच्या मांसाला) हवं ते २२५ ते २७५ तासन्‌तास मिळतं, ड्रिल हातात न घेता. सोमवार ते शुक्रवार नोकरी करणाऱ्याचा शनिवार स्वयंपाकात जावा, लोहारकामात का?

पत्रेवाला

मी फॅब्रिकेशनमध्ये आहे, म्हणून कळकळीनं सांगतो. निखाऱ्यांजवळ गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं, काही लावू नका, ना बादली, ना जाळी, ना वॉशर. जस्त ४२० अंश सेल्सियसला वितळतं, आणि हवा मिळालेला कोळसा त्याच्या कितीतरी वर जातो. तो धूर छातीत गेला तर ताप भरतो. साधं पोलाद किंवा स्टेनलेस घ्या. फटी बुजवायचं लाल सिलिकॉन साधारण ३१५ अंश सेल्सियसपर्यंत टिकतं, तेव्हा ते झाकणाच्या कडेला ठीक, कोळशाच्या भांड्याला नाही. आणि पाऊस आला म्हणून स्मोकर गॅरेजमध्ये ओढणाऱ्यांनो, जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जीव जातो.

कोळसेवाला

पत्रेवाले, हे मूळ पोस्टमध्येच असायला हवं असं आहे, धन्यवाद.

ताई, ज्या केटलची तुम्ही शिफारस करताय तीच मुळात जुगाडातून आली. १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन धातूच्या कारखान्यात काम करत होते. तिथे बोयांसाठी (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांसाठी) बनणारे धातूचे अर्धे गोल त्यांनी घेतले, खालच्यात विस्तव, वरच्याचं झाकण. हत्यार हातात घेतल्याशिवाय आग कळत नाही, असं मला मनापासून वाटतं. झडप पाव इंच सरकवली की पंधरा-वीस मिनिटांनी पारा किती हलतो, हे स्वतः बसवलेल्या झडपेवर पक्कं कळतं.

एडिसनची सुगरण

आग केटलवरही कळते. आणि बहुतेक नवखे फसतात ते झडपेमुळे नाही, घाईमुळे. ब्रिस्केट (गाईबैलाच्या छातीचं मांस) आतून १५०-१६० फॅरनहाइटला येऊन तासन्‌तास अडतं, कारण पृष्ठभागावरचं पाणी उडताना मांस गार करत असतं. लोकांना वाटतं आग मंदावली, ते हवा वाढवतात आणि बाहेरचा थर करपवतात. यावर कुठलं ड्रिल चालणार?

धुरकट

मधलं पाण्याचं भांडं दोघांनीही सोडून दिलंत. पाणी उकळताना भरपूर उष्णता शोषतं, त्यामुळे स्वस्त स्मोकर भडकत नाही. पण त्यासाठी कोळसाही जास्त जळतो, आणि पाणी आटलं की पारा एकदम उसळतो. मी फॉइलमध्ये गुंडाळलेली वाळू ठेवतो. ती चढउतार सावकाश करते, पण आग अति झाली तर तिला थोपवत नाही. म्हणजे वाळू घातली तर झडप हवीच, इथे मी कोळसेवाल्यांच्या बाजूनं.

एडिसनची सुगरण

वाळूचं पटलं. पण वाऱ्याचं उत्तर अजून कोणीच दिलेलं नाही. ह्यूस्टनच्या उन्हात २५० टिकतं, मान्य. जानेवारीत, बाहेर २० फॅरनहाइट असताना, तोच सुधारलेला स्मोकर आठ तास चालवा आणि दर तासाचे आकडे इथे टाका. तोवर मी नवख्यांना केटलच घ्यायला सांगणार.

कोळसेवाला

ह्यूस्टनमध्ये २० फॅरनहाइट क्वचितच मिळतं. पण पिंपाभोवती वेल्डिंगचं, न जळणारं ब्लँकेट गुंडाळलं, तर पातळ पत्र्याचा प्रश्न बराच सुटावा. उत्तरेकडच्या कोणी ते करून पाहिलं असेल तर कोळसा किती लागला ते लिहा.