ऑर्थोची ओपीडी चालू ठेवून नवीन बॅच तयार कशी करायची?

तारकाम:
सरकारी डेंटल कॉलेजात ऑर्थोला, म्हणजे वाकडे दात-जबडे सरळ करण्याच्या विभागात, लेक्चरर आहे. दरवर्षीचंच रडगाणं पण यंदा फारच झालंय म्हणून विचारतोय. एमडीएस (डेंटलचं पदव्युत्तर शिक्षण) 3 वर्षांचं, आणि ब्रेसेसची एक केस दीड-दोन वर्षं चालते, कधी जास्तच, म्हणजे थर्ड इयरवाले पास होऊन जातात तेव्हा त्यांच्या कितीतरी केसेस अर्धवट असतात, त्या फर्स्ट इयरच्या गळ्यात. त्यात ॲडमिशन लांबल्या की नवीन पोरं येईपर्यंत सीनियर गेलेले. नवीन पोरांनी सुरुवातीचे काही महिने वायर बेंडिंग आणि टायपोडॉन्टवर (सरावाच्या नकली दातांवर) हात बसवायचा असतो, पण बाहेर बाकावर एसटीने आलेले पेशंट बसलेत त्यांना काय सांगू? वरून ऑर्डर की ओपीडीचा आकडा खाली यायला नको. शांतपणे शिकवायला जावं तर रांग जिन्यापर्यंत, रांग हलवावी तर पोरं नुसती रंगीत रबरं बदलायला शिकतात. तुमच्याकडे कसं करता?

रिटायर्ड_मास्तर:
अरे पहिल्यांदा ती रांग नीट बघ, सगळे पेशंट एका मापाचे नसतात. ओठ-टाळू दुभंगलेलं तान्हं बाळ आलं तर त्याला तारीख देऊ नकोस, नाकाची कुर्चा पहिले काही आठवडेच मऊ असते, नॅमची प्लेट (ऑपरेशनआधी नाक-हिरड्यांना आकार देणारी) तेव्हाच सुरू करावी लागते. खालचा जबडा मागे असलेली अकरा-बारा वर्षांची मुलगी, तिचंही तसंच, वाढीचा जोर ओसरला की ट्विन ब्लॉक (जबडा पुढे आणणारं काढघालीचं उपकरण) लावून फारसं काही हाती लागत नाही. पंचविशीतल्या माणसाचे समोरचे दोन दात जरा वाकडे असतील तर तो सहा महिने थांबला म्हणून काही बिघडत नाही. नवीन बॅच आली की असल्या नवीन केसेस बंद, आकडा पडला तर पडू दे, मी तरी हेच करायचो आणि बोलणी खायचो.

थर्डइयर_पीजी:
सर, पीजीच्या, म्हणजे एमडीएस करणाऱ्यांच्या, बाजूने सांगतो. केस हातात येते तेव्हा फाइलमध्ये नुसतं "वायर बदलली" लिहिलेलं असतं, आधी कुठली होती, दात का काढले, जागा कुठे बंद करायचीय, काही नाही. आमच्याकडे आता ट्रान्सफर शीट भरल्याशिवाय सीनियरला नो ड्यूज मिळत नाही, त्यात चालू वायर, पुढची पायरी, अँकरेजचं काय (कुठले दात न हलवता आधाराला धरायचे), आणि पेशंट घरी इलास्टिक, म्हणजे ओढीची रबरं, लावतो का हेसुद्धा.
दुसरं म्हणजे घाई. एच केल्यावर, म्हणजे ब्रॅकेट चिकटावं म्हणून दाताला ॲसिड लावून धुतल्यावर, दात खडूसारखा पांढरा दिसायला हवा, त्यावर थुंकी लागली की परत एच करायचं, पण मागे रांग असली की जूनियर तसाच ब्रॅकेट चिकटवून मोकळा होतो. आठ दिवसांत तो निघतो, पेशंट परत दारात, म्हणजे रांग आपणच वाढवली ना.

लेस्टरकर_वहिनी:
मी इथे यूकेत ऑर्थोडॉन्टिक थेरपिस्ट आहे, 2007 च्या सुमाराला हे पद सुरू झालं. प्लॅन ऑर्थोडॉन्टिस्टचा, ब्रॅकेट लावणं, वायर बदलणं, डीबाँडिंग (शेवटी ब्रॅकेट काढणं) आमच्याकडे. एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) 18 च्या आतल्या मुलांना फुकट, पण आयओटीएनमध्ये (उपचाराची गरज किती ते ठरवणारी श्रेणी) बसलं तरच, म्हणजे सरसकट सगळ्यांना नाही. रांगा इथेही आहेत हो! आणि शिकाऊ थेरपिस्ट असली की शिकवणाऱ्या डॉक्टरची खुर्ची सुरुवातीला हळूच चालते, तेव्हा त्या दिवसाच्या अपॉइंटमेंटच कमी ठेवायच्या, दुसरा इलाज नाही.

रिटायर्ड_मास्तर:
वहिनी, आपल्या 1948 च्या डेंटिस्ट्स ॲक्टात हायजिनिस्ट (दात साफ करणारे) आणि मेकॅनिक (लॅबमध्ये कवळ्या वगैरे बनवणारे) एवढेच होते, थेरपिस्टचा पत्ता नव्हता. म्हणून आपल्याकडे खुर्चीवरचं सगळं पीजीच्या अंगावर. तारकाम, तुझ्याकडे अल्जिनेट (दातांचं माप घ्यायची पावडर) कोण कालवतं? पीजीच ना? मॉडेल ओतणं, इन्स्ट्रुमेंट धुणं, पाऊच भरून ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला) लावणं, हे वॉर्डातल्या मामा-मावशींना, म्हणजे शिपाई-आयांना, नीट शिकव. एक प्लायर ऑटोक्लेव्हमध्ये अडकलाय म्हणून तीन खुर्च्या रिकाम्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

जालन्याची_आई:
मी डॉक्टर नाही, मुलीचे ब्रेसेस सरकारीतच चालू आहेत म्हणून लिहिते. डॉक्टर बदलले याचं काही नाही हो, पण कोणी सांगितलंच नाही! गेलो तर जुन्या मॅडम गेलेल्या, नवीन सर फाइल चाळतायत, माझा रोजगार बुडाला आणि मुलीची शाळा. आधी एक फोन केला असता तर पुढच्या आठवड्यात आले असते. आणि नवीन डॉक्टर शिकतायत हे चालतं मला, मोठे सर एकदा येऊन तोंडात बघून गेले की झालं.

तारकाम:
ताई, फोनचं लगेच करतो, ट्रान्सफरची यादी सिस्टरकडे देतो. मास्तर, अल्जिनेट पीजीच कालवतात, अगदी बरोबर ओळखलंत. मामांपैकी एक जण हुशार आहेत, पण त्यांची ड्युटी दर महिन्याला फिरते, ती थांबवायला अर्ज कुणाकडे? आणि पीजी, ती शीट इथे टाकशील का?

थर्डइयर_पीजी:
भरलेल्यांवर पेशंटची नावं आहेत सर, कोरी मिळाली की सोमवारी टाकतो.

रिटायर्ड_मास्तर:
अर्ज एचओडीच्या (विभागप्रमुखाच्या) सहीने प्रशासकीय अधिकाऱ्याकडे. तोंडी सांगू नकोस, पोच घे.