मदत हवी आहे: आरोग्य शिक्षणाचा कार्यक्रम सांभाळू की एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) करू? सोमवारपर्यंत कळवायचंय

डोंगरपट्टा:
सहा वर्षं वस्त्या-तांड्यांवर आरोग्याचे वर्ग घेतेय. आता संस्था म्हणते, तीन तालुके तू सांभाळ. इकडे एमपीएचला नंबर लागलाय. दोन्ही होणार नाही. हे काम केलेल्यांनी लवकर सांगा.

मांजराकाठ:
ताई, शिक्षण काय? जिल्हा कोणता? करार किती दिवसांचा? काहीच न सांगता काय सांगणार?

गोदातीर:
नर्सिंग झालं असेल तर समुदाय आरोग्य अधिकारी व्हा. माझी बहीण झालीय. उपकेंद्र गावापासून जवळ, पगारही वेळेवर.

डोंगरपट्टा:
नर्सिंग नाही हो, एमएसडब्ल्यू, समाजकार्यातलं. बीड जिल्हा. करार अकरा महिन्यांचा.

मांजराकाठ:
अकरा महिने! हे आधी सांगायचं ना. तुमची निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात, ती गुढीपाडव्याच्या आसपास परत. शिकवणार कुणाला?

जुना_कार्यकर्ता:
एमपीएचचं राहू द्या. १९७० साली आरोळे दांपत्यानं जामखेडला काम सुरू केलं. अक्षरओळख नसलेल्या बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. आधी तिथं जाऊन बघून या.

लातूरकर:
जामखेड मराठवाड्यात कधी आलं? आपल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्या बायकांनाच ‘भारतवैद्य’ म्हणजे गावच्या आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. ते बघा की.

जुना_कार्यकर्ता:
बीडच्या शिवेला लागून आहे जामखेड. काम बघा, जिल्हा काय बघता?

आशाताई:
लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ देऊ नका, अंगी लागत नाहीत. आणि शौचाला काळं होतं हे गोळ्या देतानाच सांगायचं, नाहीतर बाया भिऊन बंद करतात.

मांजराकाठ:
अहो, प्रश्न नोकरीचा आहे.

डोंगरपट्टा:
असू द्या, आशाताई माझ्याच कामाचं बोलल्या. पहिल्या वर्षी फ्लिपचार्ट घेऊन सकाळी अकराला तांड्यावर गेले, तर म्हातारी माणसं आणि लेकरं. बाया दिवस मावळल्यावर आल्या. एकीनं पिठाच्या डब्यामागून गोळ्यांची पाकिटं काढली. एकही फोडलेलं नव्हतं. ‘आत काहीतरी सडतंय’ असं तिला वाटलेलं. पाळीच्या तक्रारीवरून पिशवी काढून बसलेल्या बायांच्या मनातही अशीच भीती होती. २०१९ ला ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्यावरून आपल्या जिल्ह्याचं नाव राज्यभर झालं, शासनाला समिती नेमावी लागली. त्या रात्री चुलीपुढं बसून बोलले, तेव्हा कुठं त्या गोळ्या लपवणारीनं पाकीट फोडलं. नव्या पदावर ऑफिस बीडला, आठवडाभर अहवाल. मग रात्री तांड्यावर कोण जाणार? माझं गाडं इथंच अडलंय.

जुना_कार्यकर्ता:
हे पहिल्याच ओळीत लिहायला पाहिजे होतं, बाई. तांड्यावरच्या दोघी-तिघी तयार करा. कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवर, त्या सोबत असतात, आपण नसतो.

मांजराकाठ:
आता कळलं. संस्थेला लेखी मागा: करार दोन हंगामांचा, आठवड्यातले दोन दिवस फिरतीचे, आणि त्या बायांना मानधन. ‘नंतर बघू’ म्हणाले तर सरळ एमपीएच घ्या.

गोदातीर:
मजूर नेणाऱ्या मुकादमाची परवानगी नसेल तर कोपीवर उभंसुद्धा करत नाहीत. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, बाई अर्धा दिवस थांबली तरी खाडा धरून पैसे कापतात. त्याच्याशी आधी बोला.

डोंगरपट्टा:
मुकादम ओळखीचे आहेत. मानधनाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आज रात्री मेल करते. एमपीएचचा प्रवेश वर्षभर पुढं ढकलता येतो का? कुणी ढकलून घेतला असेल तर उद्यापर्यंत सांगा.