अनुभव धागा: प्रत्यक्ष समोर बसूनच ऐकावं असं कोण?

डिसेंबर जवळ आला की आमच्या घरी एकच विषय: यंदा पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला कुठल्या दिवशी जायचं. या वर्षी भावाने फाटा फोडला. "सगळं यूट्यूबवर आहे की, पाय आखडून मांडवात कशाला बसायचं?" म्हणून हा धागा. ज्यांच्यासाठी घरातून उठून जावंच, असे कलाकार सांगा. अट एवढीच, की स्वतः ऐकलेलं हवं आणि पुढेही ऐकायला मिळण्यासारखं हवं. भीमसेनजी, किशोरीताई, झाकीरभाई यांच्यासाठी वेगळा धागा काढू, नाहीतर इथे सगळे रडत बसतील.

माझं नाव: गायक पं. वेंकटेश कुमार. गदगच्या आश्रमात पुट्टराज गवईंकडे वाढले-शिकले, धारवाडला शिकवत राहिले, आणि आपल्याकडच्या मोठ्या मंचांवर तसे उशिराच दिसू लागले. रेकॉर्डिंगमध्ये आवाज दमदार आहे एवढं कळतं. तो किती विनासायास निघतोय, ते समोर बसल्यावरच. तार षड्जावर (वरच्या 'सा'वर) थांबले तेव्हा चहाला निघालेली माणसं होती तिथेच उभी राहिली. मीही त्यातलीच.

*

तिहाईत:
उल्हास कशाळकर. दुसरं नाव नाही.

बरं, जरा सविस्तर. नागपूर विद्यापीठातून संगीत शिकलेला माणूस. पुढे राम मराठे आणि गजाननबुवा जोशी यांच्याकडे तालीम. ग्वाल्हेर, जयपूर, आग्रा तिन्ही घराणी गळ्यात, पण खिचडी कुठेच नाही. मी ऐकलं तेव्हा तबल्याच्या साथीला तालयोगी सुरेश तळवलकर होते. तिलवाड्यातला, म्हणजे सोळा मात्रांच्या तालातला ख्याल. बोलतानेत शब्द असे गुंतवले, की आता सम (तालाची पहिली मात्रा) हुकते असं वाटून मी मांडीवर मात्रा मोजायला लागलो. चौदावी गेली, पंधरावी गेली, तरी बुवा निवांत. मग कुठल्या फटीतून मुखडा काढला देव जाणे, आणि अचूक समेवर! तळवलकर मान हलवून हसले. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी "अरे अरे अरे" करत कपाळावर हात मारला. ही गंमत हेडफोनवर मिळत नाही, कारण तिथे आजोबा नसतात.

*

मांडवीकाठ:
गोव्यातून. कला अकादमीचा सूरश्री केसरबाई केरकर समारोह जमवाच. आमच्याकडे जयपूर गायकी ऐकणारे कान घरोघरी आहेत (गर्व आहे, असू दे). तिथे अश्विनी भिडे-देशपांडे ऐकल्या. जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या बाई. जोडराग (दोन राग मिळून झालेला) मांडताना कुठला धागा कुठल्या रागाचा, ते इतकं स्वच्छ दाखवतात की शिकवणीशिवाय कळतं. बंदिशीचे शब्दही नीट ऐकू येतात. हे सगळ्यांच्या बाबतीत म्हणता येत नाही.

*

कॅलिफोर्नियाची काकू:
इकडे बे एरियात महेश काळे ऐकायला मिळतात. अभंग सुरू झाला की सगळं सभागृह गायला लागतं. इथेच जन्मलेल्या मुलांना मराठी ओळी तोंडपाठ झाल्या त्या अशाच.

*

तिहाईत:
काकू, मला ते प्रकरण झेपत नाही. तिकीट आपणच काढायचं आणि गायचंही आपणच! शेजारचे गृहस्थ पेटीच्या पांढरी चार पट्टीत कानात गात असतील तर काय करायचं?

*

कॅलिफोर्नियाची काकू:
काळी दोनमध्ये उत्तर द्यायचं.

*

नेरूळ पूर्व:
शास्त्रीयच पाहिजे असं कुठे म्हटलंय? कोल्डप्ले हा इंग्लिश बँड, डी. वाय. पाटील स्टेडियम, जानेवारी २०२५. लेकीने ओढून नेलं. गाणी मला दोनच माहीत होती. पण प्रवेशाला प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा देतात, आणि तो गाण्याबरोबर आपोआप रंग बदलतो. अख्खं स्टेडियम एकदम पिवळं झालं तेव्हा मी लेकीपेक्षा मोठ्याने ओरडले. निघताना पट्टे परत घेतात, घरी आणू नका. गाणं म्हणून कशाळकरांच्या शेजारी ठेवणार नाही, पण जत्रा म्हणून पैसे वसूल. परतीच्या गर्दीसाठी पायात चांगले बूट हवेत.

*

बोरूबहाद्दर:
शाहिद परवेझ, सतार. सभागृह छोटं असेल तरच जा. एका पडद्यावर तार ओढून ते अख्खं वाक्य गातात. डावा हात दिसेल असं बसा.

*

माटुंग्याची:
गायिका रंजनी-गायत्री अजून कोणी कसं नाही लिहिलं? कर्नाटक संगीत म्हटलं की आपली मंडळी लांब पळतात. या बहिणी मुंबईत वाढलेल्या. आधी व्हायोलिन वाजवायच्या, मग गायनाकडे वळल्या. षण्मुखानंद सभागृहात ऐकलं. दोन तास त्यागराज आणि दीक्षितर यांच्या रचना, माझ्या डोक्यावरून बरंचसं गेलं. पण एकीने स्वर सोडला की दुसरी तो वरच्यावर झेलते, ते बघायलाच मजा येते. शेवटाकडे तुकोबांचा अभंग घेतला. मृदंगम् तेच, पण चाल आपल्या दिंडीची! मागे बसलेल्या तमिळ मामी माझ्याआधी टाळ्यांचा ठेका धरून मोकळ्या.

*

तिहाईत:
त्यांच्यासाठी चेन्नईला जावं का? डिसेंबरात तिकडे मोसम असतो ना?

*

माटुंग्याची:
जावं की. मार्गळीत (डिसेंबर-जानेवारीतला तमिळ महिना) शहरभर सभा, म्हणजे संगीत संस्थांच्या मैफली, सुरू असतात. दुपारचे तरुण कलाकारांचे कार्यक्रम बऱ्याच ठिकाणी फुकट असतात, संध्याकाळच्या बड्या नावांना तिकीट. बंगळुरूहून मैत्रीण येणार होती, तिचं रद्द झालंय. मैलापूरला खोली बुक आहे. येणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सभेच्या कँटीनमध्ये जेवायचं असेल तर मुख्य राग संपायच्या आत उठावं लागतं, आणि त्यावरून आपलं भांडण होणार हे आत्ताच सांगून ठेवते.